समुद्रावर जाताना सोबत काय घ्यावे?
(मासेमारीच्या साधनांचा अल्प इतिहास)

राजेरजवाड्यांचा इतिहास ताम्रपटांतून आणि सनदांतून सापडतो. आपल्यासारख्या दर्यावर पोट भरणाऱ्या समाजाचा इतिहास शोधू गेल्यास तो बहुधा होडीतच सापडेल. पहाटे होडी पाण्यात लोटण्यापूर्वी आपल्या पूर्वजांनी तीत काय काय ठेवले, ते कोणाच्या हातचे होते व काय घ्यावयाचे राहिले तर प्राणाशी गाठ पडे, एवढे कळले तरी त्या काळचे निम्मे जीवन डोळ्यांसमोर उभे राहते. म्हणून प्रस्तुत लेखात लढायांची वा वंशावळींची चर्चा न करता या सामानाचाच विचार करावयाचे योजिले आहे.

तथापि आरंभी एका कथेचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. जंजिऱ्याच्या मोहिमेत पराक्रम करणाऱ्या लाय पाटलास शिवछत्रपतींनी पालखीचा मान देऊ केला, तेव्हा ‘आम्ही दर्यावर फिरणारी माणसे, पालखी आमच्या काय कामाची?’ अशा अर्थाचे नम्र उत्तर त्याने दिले. आणि महाराजांनी त्याला एक गलबत बांधवून देऊन त्याचेच नाव ‘पालखी’ ठेविले, अशी परंपरा आहे. मानाहून साधनाची किंमत अधिक जाणणारा हा समाज होता, हेच या कथेचे मर्म होय.

आता शिडाच्या होडीतील सामान पाहू. डोलकाठी, शीड, वल्ही, सुकाणू आणि नांगर ही तर होडीची अंगेच झाली. त्याखेरीज काथ्याचे दोर, पाणी उपसण्याचे भांडे, गोड्या पाण्याचा साठा, मातीची चूल, सरपण, तांदूळ, मीठ-मिरची आणि थोडे सुके मासे एवढी शिदोरी असे. वाऱ्याने साथ दिली तर संध्याकाळी घर दिसे. न दिली तर दुसरा दिवस उजाडे. म्हणून पाणी आणि तांदूळ हे नेहमी अंदाजापेक्षा अधिक घ्यावे, हा नियम ठरलेला होता. होकायंत्र सर्वांजवळ नसे. किनाऱ्यावरील डोंगराचे टोक, देवळाचा कळस आणि उंच ताड यांची रेघ एकमेकांशी जुळवून तांडेल आपली जागा ओळखी. रात्री ध्रुव तारा पाही. ही विद्या होडीत ठेविता येत नाही, ती डोक्यातूनच न्यावी लागते. परंतु ती सर्वांत आवश्यक असे साधन होती.

जाळ्यांचे प्रकार अनेक. कारण मासा तसे जाळे आणि पाणी तशी युक्ती. खाडीच्या उथळ पाण्यात एकट्या माणसाने फेकावयाचा पाग. पापलेट, रावस यांसाठी पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे जाळे. खोल पाण्यातील मोठ्या माशांसाठी गळांची लांब दोरी. आणि मुंबई, वसई, सातपाटीकडील आपल्या बांधवांची ‘डोल’. डोल म्हणजे तोंडाशी रुंद व शेवटाकडे निमुळती होत गेलेली प्रचंड पिशवी. तोंडाकडची आसे मोठी, तर शेपटाकडची इतकी बारीक की जवळाही सुटत नाही. समुद्राच्या तळाशी ठोकलेल्या खुंटांना दोरांनी बांधून आणि वर पिंपांचा तरंग देऊन ती प्रवाहासमोर उघडी ठेवितात. मासा शोधण्यास जाळे जात नाही, भरती-ओहोटीचा ओघच मासा आणून देतो. सुमारे सहा तासांनी ओघ उलटतो. तो उलटण्यापूर्वी, पाणी स्थिर असता, डोल उचलावी लागते. त्यामुळे तिथी पाठ असल्याशिवाय डोल चालत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला कामाची गर्दी, अष्टमीच्या सुमारास भांग लागला की डागडुजी, असे पंचांगच जणू या जाळ्याने समाजाला घालून दिले होते.

ही जाळी पूर्वी सणाच्या आणि कापसाच्या सुताची असत. सूत पिळणे, लाकडी सुईने आसे विणणे आणि फाटलेले सांधणे ही कामे घरोघर चालत. परंतु सूत खाऱ्या पाण्यात लवकर कुजते. म्हणून झाडांच्या साली पाण्यात उकळून त्या तुरट, तांबूस काढ्यात जाळी वरचेवर बुडवावी लागत व वाळूवर पसरून वाळवावी लागत. एक दिवस समुद्रावर काम केले, तर त्यापाठी जाळ्याची सेवाही तितकीच करावी लागे. श्रम फार, पण कच्चा माल वगळता बाहेर पैसा फारसा जात नसे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दक्षिण कोकणात आणि गोमंतकात रापण चालते, तिचाही येथे उल्लेख केला पाहिजे. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेले हे लांबच लांब जाळे किनाऱ्यावरून दोन्ही टोकांनी माणसे ओढून घेतात. बांगडा आणि तारली यांचे थवे काठाशी आले की सारा वाडा तेथे लोटे. रापणीत अनेक घरांनी आपापल्या जाळ्याचा तुकडा जोडावयाचा आणि मिळकतीत वाटा घ्यावयाचा, अशी रीत असे. ज्याला आज आपण सहकार म्हणतो, त्याचे धडे या जाळ्याने छापील पोटनियमांशिवाय दिले होते.

साधनांची गणना करताना किनाऱ्यावरची साधने विसरणे म्हणजे निम्म्या समाजाला विसरणे होय. बांबू उभारून दोर बांधलेली वलांडी, तीवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील, माशांच्या टोपल्या आणि मीठ, हा सारा व्यवहार आपल्या माताभगिनींच्या हाती होता. पुरुषांनी मासा आणावा, पण त्याचा पैसा स्त्रियांनी करावा, अशी ही व्यवस्था. मिठावरील कराचा भार इंग्रजी अमदानीत या व्यवसायावरही पडला. १९३० साली शिरोड्यास आणि वडाळ्यास मिठाचा सत्याग्रह झाला. तो देशाच्या स्वातंत्र्यासाठी होता हे खरे. परंतु मासे खारविणाऱ्या घरांना मिठाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता. तो कर १९४७ साली उठला.

यापुढे बदलाचा वेग वाढला. १८७५ साली मुंबईत बांधलेली ससून गोदी मुळात कापसाच्या व्यापारासाठी होती. पुढे ती मासळीचे मोठे बंदर झाली. बर्फाच्या कारखान्यांमुळे ताजा मासा दूर जाऊ लागला आणि होडीतल्या सामानात बर्फ आला. स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांच्या काळात सरकारी कर्जाच्या व अनुदानाच्या मदतीने होड्यांना यंत्रे बसू लागली. शिडाच्या जागी डिझेल आले. १९५७ साली कोचीनला मत्स्य-तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था निघाली, आणि नायलॉनचे जाळे हळूहळू सर्वत्र पोचले. साली उकळण्याचे कष्ट संपले, जाळे वर्षानुवर्षे टिकू लागले. मात्र न कुजणे हा जसा त्याचा गुण, तसाच दोषही ठरला. समुद्रात तुटून राहिलेले सुताचे जाळे काही काळाने नाहीसे होई. नायलॉनचे जाळे मालकाविना मासे मारीतच राहते.

आमच्या पिढीने या स्थित्यंतराचा उत्तरार्ध पाहिला. यंत्राने नाखवा वाऱ्याच्या ताबेदारीतून सुटला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु पूर्वी जे हाताने होत असे, ते आता विकत घ्यावे लागते. आणि डिझेल, बर्फ, जाळी, दुरुस्ती यांचा खर्च मासा मिळण्यापूर्वीच करावा लागतो. रिकाम्या जाळ्याने परतण्याचे दुःख पूर्वीही होते. आज त्यासोबत कर्जाचा आकडाही परततो. मोठी यंत्रजाळी वाढली तसा किनाऱ्याजवळचा मासा घटल्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते. राज्याने १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला, २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, आणि २०१७ साली केंद्राने प्रखर दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवण्याचा नियम आहे. पावसाळ्यात होडी वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट पाहणाऱ्या पूर्वजांना त्यात नवल वाटले नसते. २०२३ साली रुपेरी पापलेट हा राज्यमासा ठरला. मान योग्य माशाला मिळाला. पण त्याची लहान पिल्लेच जाळ्यात काढली, तर मान कोणाला राहणार?

अलीकडच्या दोन वर्षांनी होडीतील सामानात आणखी भर घातली. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी ‘कुबेर’ नावाची मासेमारी होडी बळकावून आले. तेव्हापासून खलाशाचे ओळखपत्र आणि होडीचे कागद यांवर कटाक्ष आला. पुढल्याच वर्षी, ११ नोव्हेंबर २००९ रोजी, ‘फयान’ वादळ अलिबाग-मुंबईच्या किनाऱ्यावर आले. ऐन हंगाम असल्यामुळे कोकणातील अनेक होड्या समुद्रात होत्या, आणि कित्येक घरांतील माणसे परतली नाहीत. त्या वादळाने शिकविलेला धडा असा की हवामानाची सूचना, ती ऐकण्याचे यंत्र, आणि अंगात घालावयाचे जीवरक्षक जाकीट ही जाळ्याइतकीच आवश्यक साधने होत.

आज उपग्रह होडीची जागा दाखवितो. हैदराबादची समुद्र-माहिती संस्था मासा कोठे संभवतो हे कळविते. संकटाचा संदेश धाडणारी यंत्रेही निघाली आहेत. असे असता जाकीट घरी खुंटीला टांगून समुद्रावर जाणे, किंवा ते अडचणीचे म्हणून होडीच्या तळाशी कोंबून ठेवणे, याला धाडस म्हणता येणार नाही. आपले पूर्वज निधड्या छातीचे होते हे खरे; परंतु ते पाणी आणि तांदूळ अंदाजापेक्षा अधिक घेऊन निघत, हेही तितकेच खरे. धैर्य आणि तयारी यांत त्यांनी कधी विरोध मानिला नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांस दोन गोष्टींची विनंती करावीशी वाटते. पहिली ही की, प्रत्येक नाखव्याने हंगामाच्या खर्चाचा हिशेब मांडताना खलाशांची जाकिटे, संदेशयंत्र, औषधांची पेटी आणि विमा हे खर्च डिझेलच्या आधी लिहावेत. जाळे हरवले तर दुसरे घेता येते. दुसरी ही की, प्रत्येक कोळीवाड्यातील तरुणांनी वृद्धांपाशी बसून जुन्या जाळ्यांची, दोरांची, वाऱ्यांची आणि खुणांची नावे लिहून घ्यावीत, व एखादी लाकडी सुई, एखादे पिंप, सुताच्या जाळ्याचा एखादा तुकडा मिळाल्यास तो शाळेत वा मंडळाच्या जागेत जपून ठेवावा. वस्तू गेली की तिचा शब्द जातो, आणि शब्द गेला की त्यामागचे शहाणपण जाते. उपग्रहाचे यंत्र एखादे दिवशी बंद पडेल. त्या दिवशी डोंगराच्या टोकाची आणि देवळाच्या कळसाची रेघ जुळविता येणारा एक तरी माणूस होडीत असला पाहिजे.