शुभंकर आणि शुभार्थी : स्वमदत गटांची वाटचाल

आपल्या जोयडा तालुक्यात "त्याला धारवाडला नेलंय" असं कुणी म्हटलं की ऐकणारा आवाज खाली आणतो आणि विषय बदलतो. धारवाडला लोक शिकायला जातात, कोर्टाच्या कामाला जातात, लग्नाचा बस्ता बांधायलाही जातात. पण त्या सुरात म्हटलं की अर्थ एकच. तिथलं मनोरुग्णालय १८४५ सालचं. आपला जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला. वेड्यांचं इस्पितळ जाऊन आता 'डिम्हान्स' हे नाव आलं. आपल्या बोलण्यातला तो सूर मात्र तसाच राहिला.

मी डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेला माणूस, डॉक्टर नव्हे. औषधांबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण गोळ्या घेऊन माणूस घरी परतला की पुढे काय? गाव त्याला 'पिसो' म्हणतं, घरचे त्याला लग्नकार्यात मागच्या खोलीत बसवतात. या 'पुढे काय'चं एक उत्तर गेल्या चाळीसेक वर्षांत पुण्या-ठाण्याकडच्या मराठी माणसांनी शोधलं. तो इतिहास आपल्याकडे फारसा पोहोचलेला नाही, म्हणून हा लेख.

मूळ कल्पना अमेरिकेतली. १९३५ साली ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ नावाचा शल्यविशारद भेटले. दोघेही दारूत बुडालेले. एका दारुड्याने दुसऱ्यापाशी मन मोकळं केलं की दोघांनाही त्या दिवसापुरतं दारूपासून लांब राहता येतं, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' उभी राहिली. दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, शिकागोत डॉ. अब्राहम लो यांनी मनोरुग्णालयातून घरी गेलेल्यांच्या अशाच बैठका सुरू केल्या.

महाराष्ट्रात ही रीत मुख्यतः 'मुक्तांगण'मुळे घराघरात माहीत झाली. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये दिले. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या त्याच आवारात केंद्र सुरू झालं. तिथली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की व्यसनातून बाहेर पडलेलेच पुढे तिथे समुपदेशक झाले. नव्याने आलेल्याच्या सबबी त्यांना पाठ असतात, कारण कधीकाळी त्याच सबबी त्यांनी सांगितलेल्या असतात. बायकांसाठी 'सहचरी' गट निघाला. नवऱ्याच्या दारूचा मार, उधारी आणि लाज सोसणाऱ्या बाईला तिथे आपल्यासारख्या दुसऱ्या बाया भेटल्या.

दारूबद्दल निदान चारचौघांत बोललं तरी जातं. स्किझोफ्रेनियाचं तसं नाही. कानात आवाज येतात, शेजारी कट करतायत असं वाटतं, हे सांगायचं कुणाला? इथे नाव घ्यावं लागतं डॉ. जगन्नाथ वाणी यांचं. हे खानदेशातले, कॅनडात कॅलगरीच्या विद्यापीठात प्राध्यापक. पत्नी कमलिनी यांना हाच आजार होता. घरातलं दुखणं लपवण्याऐवजी वाणींनी पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' म्हणजे 'सा' उभी करायला पुढाकार घेतला. रुग्णांचे आणि नातेवाइकांचे स्वमदत गट तिथे भरू लागले. २००४ चा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' चित्रपटही वाणींच्या धडपडीतून झाला. देवराई म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पण अतुल कुलकर्णींनी उभा केलेला शेष पाहिला की असा एखादा आपल्याही वाडीत होता, हे आठवतं.

याच वर्तुळात दोन शब्द रूढ झाले. रुग्ण म्हणजे 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणारा तो 'शुभंकर'. डॉ. आनंद नाडकर्णींच्या ठाण्यातल्या 'आयपीएच'मध्येही हेच शब्द ऐकू येतात. सरकारी कागदावर आम्ही 'मनोरुग्ण' आणि 'पालक' लिहितो. शुभार्थीच्या आईला शुभंकर म्हटलं की तिच्या वाट्याला निदान एक पद येतं.

आता आपली अडचण. पुण्यात बैठकीला गेलेल्याला बाहेर कुणी ओळखत नाही. आपल्याकडे कोण कुठल्या बसमधून उतरला, हे संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. नाव झाकून बसायची सोयच नाही. तरी उदाहरणं आहेत. धर्मस्थळाच्या ग्रामाभिवृद्धी योजनेची दारूमुक्ती शिबिरं झाली की दारू सोडलेल्यांची 'नवजीवन समिती' बनते आणि ते नियमित भेटत राहतात, तेही उघडपणे, नावानिशी. नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' उपक्रमात खेड्यातल्याच लोकांना शेजाऱ्याचं मन ऐकून घ्यायला शिकवलं गेलं. पाटी नाही, केंद्र नाही. ओट्यावर, शेताच्या बांधावर बोलणं. डोंगरात विखुरलेल्या आपल्या वाड्यांना ही रीत जास्त जुळेल, असं मला वाटतं. सुपा धरणात गावं गेली तेव्हा घरांची, झाडांची मोजणी झाली. उठून रामनगरला जाणाऱ्या म्हातारीच्या मनासाठी त्या तक्त्यात रकाना नव्हता. तसं बोलणं तेव्हा कुणी केलं असतं तर बरं झालं असतं.

उपचाराची सोय पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. कर्नाटक सरकारच्या 'मनोचैतन्य' योजनेत तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी ठरलेली आहे. २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे. गट या सगळ्याची जागा घेत नाही, आणि गटात बसून कुणी कुणाच्या गोळ्या बंद करायच्या नसतात. पुण्यातल्या गटांतही हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

उत्सवाचे दिवस सोडले तर आपल्या मंडळाची खोली रविवारी दुपारी बंद असते. मी कार्यकारिणीकडे अर्ज दिला आहे: महिन्याचा दुसरा रविवार, चार ते साडेपाच, फक्त शुभंकरांसाठी. चहा माझ्याकडून. दारावर काही लिहायचं नाही, आणि किल्ली चिटणीसांकडे मागायला लागू नये म्हणून ती माझ्याकडे ठेवावी.