बाळ कोणी सांभाळायचे?

इतिहासाच्या पुस्तकांत राजांची नावे असतात. त्या राजांना मांडीवर घेणाऱ्या बायांची सहसा नसतात. धाराऊचे नाव मात्र राहिले. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. सईबाईंची प्रकृती नाजूक, बाळाला दूध पुरेना. तेव्हा जवळच्या कापूरहोळ गावची, गाडे घराण्यातली धाराऊ गडावर आली. १६५९ साली सईबाई गेल्या, आणि आईवेगळ्या बाळाला धाराऊची माया होती. तिची मुले शंभूराजांचे दूधभाऊ म्हणून ओळखली गेली.

राजाच्या घरची सोय अशी झाली. पण जिथे आईच मजुरीला जाते, तिथे बाळ कोणाच्या हाती द्यायचे? या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडे फार काळ चालत आली: एक अफूचे, दुसरे ताईचे.

मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या कितीतरी आया तान्ह्याला अफूची बाळगोळी चाटवून निजवीत. गुंगीतले मूल रडत नाही, भुकेलेही कळत नाही. १९२० च्या सुमारास डॉक्टरांनी या चालीविषयी लिहून ठेवले आहे. त्या आयांना बोल लावणे सोपे. पण दिवसभर साच्यापाशी उभे राहणाऱ्या बाईपुढे दुसरी वाट कोणती होती? १९४८ च्या कारखाना कायद्याने, पन्नासांहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही मर्यादा तीसवर आणली.

परंतु शेताच्या बांधावर कारखान्याचा कायदा पोचत नाही. तिथे बाळाची दाई म्हणजे थोरली बहीण. तिला मी चांगली ओळखते. सुगी आली, की माझ्या हजेरीपटात तिच्या नावापुढे गैरहजेरीची रांग लागते. विचारावे तर एकच उत्तर: “बाई, बाळ सांभाळायचं होतं.” आठ-नऊ वर्षांची पोर, कडेवरच्या भावाच्या भाराने कंबर एका अंगाला कललेली. बाळाचा ताप कसा ओळखावा, त्याला काय भरवावे, हे तिला कोणी शिकवलेले नसते. तिचे स्वतःचे खेळायचे वय मात्र त्यात सरून जाते.

ही गोष्ट ताराबाई मोडकांनी नेमकी हेरली. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई १९४५ साली बोर्डीला आल्या; अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. नखे कापायची, अंघोळ घालायची, मग शिंपले, बिया, खडे घेऊन खेळ मांडायचा. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला.

१९५७ साली दोघी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली वस्तीत शाळा भरेना. कारण थोरल्या मुली धाकट्यांना सोडून येणार कशा? तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात भरू लागली. तिचे नाव विकासवाडी. बहिणीने तान्हे पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत बसवावे आणि आपण पाटी घेऊन वर्गात जावे. आणि मुले सांभाळायची म्हणजे ती विद्याच आहे, असे मानून खेड्यांसाठी बालसेविका तयार करण्याचे वर्गही या दोघींनी चालवले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली, आणि बोर्डीच्या अंगणातला तो मराठी शब्द देशभर गेला. ताराबाई त्याआधीच, १९७३ साली, निवर्तल्या होत्या. अनुताईंनी तो दिवस पाहिला.

वाचकहो, दिवाळीत घर पाहुण्यांनी भरते, फराळाची धांदल असते, आणि बाळाला धरायला कोणीतरी हवे असते. अवश्य ठेवावे; पण तिचे वय आधी विचारावे. चौदा वर्षांखालच्या मुलीला कामाला ठेवणे आता कायद्याने गुन्हा आहेच. मोठी बाई ठेवाल तर घाई करू नका. चार दिवस तिला आपल्यासमवेत वावरू द्यावे. बाळाची झोप, खाणे, औषध तिला नीट समजावून द्यावे. तिला पगार वेळच्या वेळी आणि मानाने द्यावा. आणि तिलाही लेकरे असतील, तर एवढे आपुलकीने विचारावे, की बाई, तुमचे बाळ आज कोणापाशी आहे?