घोळाण्यातला इतिहास

मेथीचा घोळाणा करायला चूलही पेटवावी लागत नाही. कोवळी मेथी बारीक चिरायची. त्यात कांदा, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, मीठ आणि वरून कच्चं तेल. दुपारी भाकरीबरोबर खायचा.

पण या घासात किती प्रवास आहे, बघा! १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात मेथीदाणे निघाले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमच्या केटोनं मेथी पेरायला सांगितली, ती बैलांच्या चाऱ्यासाठी. तिच्या लॅटिन नावाचा अर्थच 'ग्रीक गवत'! मिरची आणि भुईमूग तर अमेरिकेतले. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतरच ते इकडे पोचले. म्हणजे शिवारातला हा अस्सल पदार्थ आजच्या रूपात फार तर पाचशे वर्षांचा. तरीही तो आपलाच आहे. कारण पिकं कुठूनही आली, तरी घोळाणा घातला तो इथल्या हातांनी.