धक्का जातो कुठे?

बंदूक या विषयाशी माझा संबंध दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुरता. पण यंत्रांचा इतिहास वाचायचा नाद लागला की माणूस कुठल्या गल्लीत शिरेल सांगता येत नाही. सध्या मला पछाडलंय ते रायफलच्या तोंडावर बसणाऱ्या, वीतभरसुद्धा नसलेल्या एका लोखंडी नळकांड्याने. त्याचं नाव मझल ब्रेक. काम एकच, खांद्याला बसणारा धक्का कमी करायचा.

कुठला ब्रेक सरस यावर जाणकार तासन्‌तास वाद घालतात, आणि बहुतेक वेळा मोजमाप एकच असतं: धक्का किती टक्के घटला? मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. घटलेला धक्का गेला कुठे? सुंठीवाचून खोकला जात नाही, मग हा तरी कसा जाईल?

आधी थोडं शास्त्र, कंटाळू नका. दुसऱ्या महायुद्धातल्या रशियन रायफलची गोळी साधारण 10 ग्रॅमची आणि तिच्यामागची दारू 3 ग्रॅमच्या आसपास. दारू जळून तिचा वायू होतो आणि नळीच्या तोंडातून तो गोळीपेक्षाही वेगाने बाहेर पडतो. म्हणजे मागे येणाऱ्या धक्क्यात वायूचा वाटा ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश. गोळीला काही आपण हात लावू शकत नाही. पण वायूला वाटेत भिंत घालून बाजूला वळवलं, तर तो त्या भिंतीवर आपटून बंदुकीला पुढे ओढतो. भिंत मागे कललेली असेल तर ओढ आणखी वाढते. झाला मझल ब्रेक!

ही कल्पना मूळची तोफांची. 1842 च्या सुमारास त्रय द बोल्यू नावाच्या फ्रेंच तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने नळीच्या तोंडाशी तिरकी भोकं पाडायची युक्ती मांडली. साध्या शिपायाच्या रायफलीला मात्र बराच काळ तिची गरज नव्हती. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करायचा, म्हणजे नेम तसाही मोडायचाच. मग धक्का थोडा कमी काय, जास्त काय!

गणित बदललं ते सेमी-ऑटोमॅटिक रायफलने. आता पुढची गोळी आपोआप नळीत येऊन बसते, आणि दुसरा नेम धरायला जो उशीर लागतो तो केवळ धक्क्यामुळे. इथे दोन देशांनी दोन वाटा धरल्या. अमेरिकेने 1936 मध्ये स्वीकारलेली एम-1 गॅरंड चांगली 4.3 किलोची, ब्रेक वगैरे काही नाही. वजनानेच धक्का सोसायचा. रशियात तुला शहरातल्या फ्योदोर तोकारेव्हची 1940 सालची एसव्हीटी-40 चार किलोच्याही आत. गोळी तशीच जोरकस, म्हणून तोंडावर ब्रेक. आधीच्या ब्रेकला दोन्ही बाजूंना सहा-सहा अरुंद खाचा होत्या; पुढच्या ब्रेकला दोन-दोन मोठ्या खिडक्या. अशा दहा लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. त्या काळचे रशियन सैनिकांचे फोटो पाहिलेत तर तोंडाशी खाचा असलेली ती लांबट नळी लगेच ओळखू येईल.

रशियनांनी हा विषय पुढेही सोडला नाही. 1959 मध्ये आलेल्या एकेएमला काही काळाने एक अगदी साधं टोपण बसलं, बोरू कापावा तसं तिरकं कापलेलं. त्यातून वायू वर आणि उजवीकडे सुटतो, आणि उजव्या हाताच्या नेमबाजाची नळी वर उसळू पाहते तिला खाली दाबतो. धक्का त्याने फारसा कमी होत नाही, दिशा सुधारते. 1974 च्या एके-74 ला मात्र मोठा दोन कप्प्यांचा खरा ब्रेक आला. चालवणाऱ्याला रायफल अगदी मऊ लागते. आणि शेजारी उभा असलेल्याला? त्याच्याकडे सगळा वायू बाजूने फेकला जातो.

इथे माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. धक्का नाहीसा होत नाही, वायू आणि आवाज होऊन शेजारच्या माणसाकडे जातो.

हे मी एकदा अंगावर अनुभवलंय. अमेरिकेत असताना ऑफिसातल्या एका मित्राने नेमबाजीच्या रेंजवर नेलं होतं. कानात बोळे, वर इअरमफ, तरीही त्याच्या ब्रेकवाल्या रायफलचा प्रत्येक बार माझ्या दातांत जाणवत होता. तो मात्र हसून म्हणाला, "लोण्यासारखी चालते रे!" पलीकडच्या रांगेतल्या आजोबांनी एक शब्द न बोलता आपली पिशवी उचलली आणि चार जागा सोडून जाऊन बसले. मझल ब्रेकची इतकी नेमकी समीक्षा मी अजून कुठे वाचलेली नाही.

आकड्यांत सांगायचं तर क्षणभराच्या आवाजासाठी 140 डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात. बहुतेक रायफली ब्रेकशिवायच 150 च्या पुढे असतात. ब्रेक लावला की कानाशी आणखी काही डेसिबल चढतात, आणि या मोजणीत 10 ने वाढ म्हणजे तीव्रता दहापट. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

गंमत म्हणजे (गंमत तरी कशी म्हणू) कायद्यानेही यात हात लावला. अमेरिकेत 1994 ते 2004 या काळात लागू असलेल्या बंदीच्या कायद्यात सेमी-ऑटोमॅटिक रायफलची काही लक्षणं आक्षेपार्ह ठरवली होती. तोंडाशी दिसणारी ज्वाळा कमी करणारं टोपण त्या यादीत होतं. मझल ब्रेक नव्हता. मग कंपन्यांनी बऱ्याच रायफलींना कायमचे ब्रेक जोडून टाकले. सायलेन्सर तर धक्का आणि आवाज दोन्ही कमी करतो, कारण तो वायूला कोंडून हळूहळू सोडतो. पण त्यावर अमेरिकेत 1934 पासून नोंदणी आली आणि 200 डॉलरचा कर बसला, जो त्या काळी फार मोठा होता. नॉर्वे, फिनलंडमध्ये शिकारी सायलेन्सर सर्रास वापरतात, आसपासच्यांची सोय म्हणूनसुद्धा. म्हणजे कुठलं नळकांडं चांगलं हे नुसत्या पदार्थविज्ञानाने ठरलेलं नाही.

आणि आता प्रश्न कानापुरताही राहिलेला नाही. ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने स्फोटाच्या दाबलहरींपासून सैनिकांच्या मेंदूला असलेल्या धोक्याबद्दल नियम काढले. त्यात तोफा आणि खांद्यावरच्या रॉकेटांबरोबर .50 कॅलिबरची शस्त्रंही आहेत. या कॅलिबरच्या रायफलींना मोठा ब्रेक असतो, नाहीतर खांदा टिकणं कठीण. नेमबाजाला दिलेल्या आरामाची किंमत शेजारी आडव्या पडलेल्या, दुर्बिणीतून लक्ष्य पाहणाऱ्या जोडीदाराच्या डोक्याने मोजली जाते.

म्हणून ब्रेकची तुलना करताना दोन रकाने हवेत असं मला वाटतं. एकात खांद्याचा धक्का किती घटला ते, दुसऱ्यात शेजाऱ्याच्या कानाशी आवाज किती वाढला ते. पहिला रकाना बहुतेक सगळे भरतात. दुसरा भरायचा तर मोजायचं यंत्र घेऊन कुणीतरी शेजारी जाऊन उभं राहावं लागतं.