नाण्याला आधी इतिहास विचारा

मंडळी, जुनं नाणं समोर आलं की आपण भिंग शोधतो. भिंग लागेलच, पण आधी इतिहास विचारावा.

राम-सीतेचं चित्र, मागे ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, 'अर्धा आणा' आणि 1818 साल, असं नाणं तुम्ही पाहिलं असेल. चमत्कारी म्हणून लोक त्याला भलतीच किंमत मोजतात. आता बघा, देशभर एकसारखी कंपनीची नाणी 1835 पासून सुरू झाली. यातल्या काही नाण्यांवर तर 1616 साल असतं. तेव्हा कंपनी सुरतेला वखार घालून नुकती व्यापाराला लागली होती. देव दिसला म्हणजे खोटंच, असंही नाही. कंपनीच्या मद्रासच्या होनांवर विष्णू आहे. पण हे राम दरबाराचं नाणं कंपनीनं पाडलेलंच नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. जळकोट, नळदुर्ग हा सगळा मुलूख 1948 पर्यंत निजामाचा. इथं चालायचा तो हाली सिक्का. चारमिनार असलेल्या हाली रुपयाचं वजन 11.18 ग्रॅम, इंग्रजी रुपयाचं 11.66. त्यात चांदीही कमी, म्हणून सात हाली रुपये म्हणजे सहा इंग्रजी रुपये, असा हिशेब. तेव्हा हाली रुपया हाती आला तर सोनाराच्या काट्यावर ठेवा. झिजून वजन थोडं घटतं, पण वाढत कधीच नाही.

तिसरी शिवराई. ती हातानं, हातोड्याच्या घावानं पाडलेली. ठसा कधी सरकतो, अक्षरं काठाबाहेर जातात. त्यामुळं दोन शिवराया तंतोतंत सारख्या नसतात. दोन नाण्यांवर एकाच जागी एकच ओरखडा दिसला, तर ती एका साच्यात ओतलेली समजा. मग भिंगातून बुडबुड्यांची बारीक छिद्रं आणि कडेची सांध्याची रेघही सापडते.

आणि पैशाचं म्हणाल, तर रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून जुन्या नाण्यांच्या व्यवहारात कमिशन, कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेनंच 2021 साली जाहीर केलंय. 'आधी पैसे भरा' म्हटलं की फोन ठेवा.

शेतात खरंच नाणी सापडली तर चिंचेनं घासू नका, वाटून घेऊ नका. 1878 च्या कायद्यानं दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. नाणं कुठं, कशाबरोबर सापडलं, हीच त्याच्या खरेपणाची सगळ्यात मोठी साक्ष. ती एकदा पुसली, की खरं नाणंही मुकं होतं.