जहाज कुठं आहे?

माझा मुलगा टँकरवर सेकंड ऑफिसर आहे. त्याचं जहाज कुठं आहे, मागचं बंदर कोणतं, लांबी किती, बांधणी कुठल्या सालची, सगळं मला अलिबागच्या घरात फोनवर दिसतं. अशी माहिती जगात गेली तीनशे वर्षं गोळा होते आहे. पण ती आयांसाठी नव्हती.

सतराव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीखान्यात जहाजमालक, कप्तान आणि विमा उतरवणारे जमत. जहाज बुडालं की पैसे त्यांचे जात, म्हणून बातमीची किंमत त्यांनाच कळत होती. 1734 मध्ये ‘लॉइड्स लिस्ट’ निघू लागली. कोणतं जहाज कुठं लागलं, कुठून सुटलं, हे तीत छापलेलं असे. 1764 मध्ये जहाजांची नोंदवही आली. तीत मालक, कप्तान, टनभार असे आणि सांगाडा किती धड आहे हे ‘ए, ई, आय, ओ, यू’ अशा इंग्रजी स्वरांनी सांगितलेलं असे. मालाची इतकी काळजी! पण बंदर सुटलं की पुढचं बंदर लागेपर्यंत जहाजाचा पत्ता नाही.

आमच्या किनाऱ्यावर या ‘पत्ता नाही’ची किंमत माणसांनी मोजली. 17 जुलै 1947, गुरुवार. ‘रामदास’ बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. 1936 ची बांधणी, स्वान हंटरसारख्या नामांकित ब्रिटिश गोदीतली. कागदावर काही उणं नव्हतं. बोटीवर बिनतारी यंत्र मात्र नव्हतं. वाटेत वादळी लाटांत ती कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. मुंबई इतकी जवळ, तरी बोट बुडाल्याचं शहराला कळायला कित्येक तास लागले. रेवसच्या कोळ्यांनी हाती लागतील तेवढ्यांना होड्यांत ओढून घेतलं. माझी आजी त्या दिवशी रेवसच्या धक्क्यावर होती. पावसामुळे बोटीला उशीर झालाय, असंच सगळे धरून चालले होते, असं ती सांगायची. तिचा थोरला भाऊ त्या बोटीवर होता.

आता जहाजावरचं एआयएस यंत्र उपग्रहावरून स्वतःची जागा काढतं आणि चालत्या जहाजातून दर काही सेकंदांनी रेडिओवर सांगत राहतं. नांगरावर असताना दर तीन मिनिटांनी. पुढचं बंदर तेवढं खलाशी हातानं भरतात, म्हणून मी त्या रकान्यावर फारशी विसंबत नाही. मी बघते तो सात आकडी आयएमओ क्रमांक: मालक बदलो, नाव बदलो, झेंडा बदलो, तो जहाज तोडीला जाईपर्यंत तोच राहतो.

हे यंत्र टक्कर टाळायला निघालं. 2002 पासून त्याची सक्ती टप्प्याटप्प्यानं आली. मालवाहू जहाजांना त्यात टनभाराची मर्यादा आहे. प्रवासी जहाजांसाठी समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय ‘सोलास’ करारात आकाराची अट ठेवलेली नाही. चारशे टनांच्या आसपासच्या ‘रामदास’लाही ते बसवावं लागलं असतं.