तळव्यावरचा नकाशा

पाय चोळून देणारी दुकानं आता आपल्या शहरांतही दिसू लागली आहेत. आत गेलं की भिंतीवर दोन तळव्यांचं रंगीत चित्र असतं. अंगठ्यात मेंदू, बोटांच्या खाली फुप्फुसं, मधल्या भागात मूत्रपिंडं, टाचेच्या बाजूला आतडी. ही हजारो वर्षांची विद्या आहे, असं आपल्याला सांगितलं जातं. इतिहासात रस असल्यामुळे मी त्या 'हजारो वर्षां'पाशी थबकतो. पाय चोळणं प्राचीन आहे, यात शंका नाही. पण हा नकाशा मात्र जेमतेम शंभर वर्षांचा आहे, आणि तो तयार झाला अमेरिकेत.

पुरावा म्हणून इजिप्तमधल्या सक्कारा इथल्या एका थडग्याचं नाव नेहमी घेतलं जातं. अंखमाहोर नावाच्या वजिराचं हे थडगं इसवी सनापूर्वी सुमारे २३०० वर्षांचं. त्याच्या भिंतीवर काही माणसं दुसऱ्यांचे हातपाय हातात घेऊन बसलेली कोरली आहेत. ती चोळत आहेत, नखं कापत आहेत की काही उपचार करत आहेत, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण तळव्यावर अवयवांच्या जागा तिथे कुठेही दाखवलेल्या नाहीत.

मग नकाशा आला कुठून? अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात विल्यम फिट्झगेराल्ड नावाचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. हाताची किंवा पायाची विशिष्ट बोटं दाबून धरली की शरीराच्या दुसऱ्या भागातली वेदना कमी होते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले. एका पट्ट्यातला अवयव दुखला तर त्याच पट्ट्यातलं बोट दाबायचं. त्यासाठी ते रबरबँड, चिमटे, एवढंच काय, धातूचे कंगवेसुद्धा वापरत! १९१७ साली एडविन बोवर्स यांच्याबरोबर त्यांनी 'झोन थेरपी' हे पुस्तक काढलं. डॉक्टर मंडळींनी त्याची फारशी दखल घेतली नाही.

हा विचार टिकला तो एका बाईमुळे. युनिस इंगहॅम या अंगमर्दनाचे उपचार करणाऱ्या बाईंनी सारं लक्ष तळपायावर आणलं. असंख्य पाय दाबून पाहत त्यांनी एकेका अवयवाची जागा ठरवली आणि १९३८ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यानंतर कित्येक वर्षं त्या अमेरिकाभर हिंडून हे शिकवत राहिल्या. त्यालाच पुढे रिफ्लेक्सॉलॉजी हे नाव रूढ झालं. आणखी एक गंमत सांगतो. आज तैवानमध्ये पाय दाबून घेण्याची जी मोठी प्रथा आहे, तिचा प्रसार १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून केला तो योसेफ ओयगस्टर या स्विस धर्मगुरूंनी!

आपल्याकडे पादाभ्यंग नक्कीच जुना. चरकसंहितेच्या दिनचर्येत तो आहे. पायांचा कोरडेपणा आणि थकवा जातो, दृष्टीला बरं वाटतं, असे त्याचे गुण सांगितले आहेत. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त तर तळपायातून डोळ्यांकडे जाणाऱ्या शिरांचा उल्लेख आहे. म्हणजे पायाचा दूरच्या अवयवाशी संबंध जोडण्याची कल्पना आपल्याकडेही होती. अवयवागणिक ठिपके मात्र नव्हते. घरोघरी काशाची वाटी होती. तळव्याला तूप लावून ती फिरवायची. तूप काळं झालं की आजी म्हणायची, "बघ, उष्णता उतरली." खरं तर काशात तांबं आणि कथील असतं; तूप, घाम आणि घर्षण यांमुळे धातूचाच काळेपणा तुपात उतरतो. पण वाटी फिरता फिरता डोळा लागायचा, तो काही खोटा नव्हता.

आधुनिक तपासणीत निघालं तेही साधारण असंच. १८ चाचण्यांचा आढावा घेणारा एक लेख २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. कोणताही आजार रिफ्लेक्सॉलॉजीनं बरा होतो याचा पटण्याजोगा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष. दुसरीकडे, अमेरिकेत कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या घरच्या माणसांना पाय दाबायला शिकवलं गेलं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या स्त्रियांचा त्रास कमी झालेला दिसला. तो ठिपक्यांमुळे की आपल्या माणसाच्या हातामुळे, हे त्यातून ठरत नाही. मला विचाराल तर माझा कौल हाताला.

हा फरक महत्त्वाचा आहे. तळव्यावरचा एखादा बिंदू दुखला म्हणून "तुमची किडनी बिघडली" असं कुणी सांगितलं, तर घाबरू नका. आणि दुखला नाही म्हणून खरी तपासणीही टाळू नका. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील, किंवा एकच पाय अचानक सुजून दुखत असेल, तर आधी डॉक्टर, चोळणं नंतर.

आणखी एक गोष्ट या इतिहासात कुठे लिहिलेली नाही. आपल्या घरांत पाय चेपले गेले ते सासऱ्यांचे, सासूबाईंचे, धन्याचे. चेपणारे हात सुनेचे, गड्याचे, लहान पोरांचे. दिवसभर उभं राहून जिच्या टाचा भेगाळल्या, तिचे पाय कुणी चेपले? आज पैसे देऊन तरी तिला हे सुख मिळू शकतं, हे चांगलंच झालं. पण त्यासाठी दुकानच कशाला हवं? एक वाटी, चमचाभर तूप आणि दहा मिनिटं पुरतात. नकाशा पाठ नसला तरी चालेल. आज रात्री घरात सगळ्यांत शेवटी जेवणारं जे कुणी असेल, त्याच्यापासून सुरुवात करा.